दोन ‘बॅक बे’ : बॉस्टन आणि मुंबई पायी कशी पाहावी?



उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या वर्गातील बरीच मुले भारतात जाऊन येतात. परत आल्यावर आम्ही त्यांना विचारतो, “मुंबईत काय काय पाहिलंत?” उत्तरे बहुतेक ठरलेली असतात : मावशीचे घर, मॉल, गेटवे ऑफ इंडिया आणि गाडीच्या काचेतून दिसलेला समुद्र. यात वाईट काहीच नाही. मावशीचे घर तर पाहायलाच हवे! पण आपण दर आठवड्याला मराठी शिकतो, ती मुंबईत रस्त्यावर उतरल्यावर कुठे उपयोगी पडते, हे फारसे कुणी सांगत नाही. “तिथं सगळे इंग्रजी बोलतात, मग मराठी कशाला?” असेही मुले विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून आजचा पाठ आहे. समुद्राकाठचे शहर नुसते बघायचे नसते, ते वाचायचेही असते. मुंबईच्या गल्ल्यांची, स्थानकांची आणि वाड्यांची नावे म्हणजे त्या शहराचे पुस्तक आहे, आणि ते मोठ्या प्रमाणात मराठीत लिहिलेले आहे. ज्याला ही भाषा येते त्याला नकाशावर नसलेल्या गोष्टीही दिसतात.

शहर वाचण्यासाठी तीन प्रश्न लक्षात ठेवा.

१. या जागेचे नाव कोणत्या भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ काय?
२. इथे पूर्वी काय होते : पाणी, शेत, टेकडी की झाडे?
३. इथे आधी कोण राहत होते आणि आता कोण राहते?

कोणतीही नवी विद्या आधी घराजवळ वापरून पाहावी. म्हणून आपण सुरुवात श्रूजबरीपासून करू या.

पहिला भाग : सराव बॉस्टनमध्ये

आपल्या गावाच्या पश्चिमेला क्विन्सिगमंड तळे आहे. वूस्टरला जाताना आपण पुलावरून ते रोज ओलांडतो. हे नाव इंग्रजी नाही. इथले मूळचे रहिवासी निपमक लोक, त्यांच्या भाषेतले ते आहे. लांब तोंडाचे मासे पकडण्याची जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्या राज्याचे नावही असेच इथल्या मूळ भाषेतून आलेले. मॅसॅच्युसेट्स म्हणजे मोठ्या टेकडीजवळची जागा. बघा, नावाचा अर्थ कळला की तळ्यात मासे दिसू लागतात आणि राज्यात टेकडी!

आता बॉस्टनला जाऊ या. ग्राफ्टन किंवा वेस्टबरो स्थानकावर गाडी ठेवून बॉस्टनची आगगाडी पकडा. साउथ स्टेशनच्या आधीचे स्थानक ‘बॅक बे’. तिथे उतरा. ‘बॅक बे’ म्हणजे मागची खाडी. मग इकडेतिकडे पाहा. खाडी कुठे आहे? कुठेच नाही. विटांची देखणी घरे आहेत, झाडांच्या रांगा आहेत, भव्य ग्रंथालय आहे. पाण्याचा थेंब नाही.

पाणी होते, पण ते भरून काढले. सन १६३० मध्ये बॉस्टन वसले तेव्हा ते जवळजवळ बेटच होते. चारही बाजूंना पाणी आणि मुख्य भूमीला जोडणारी एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवरूनच आजची वॉशिंग्टन स्ट्रीट जाते. गावात तीन टेकड्या होत्या, त्यावरून ‘ट्रेमाँट’ हे नाव पडले. पुढे लोकवस्ती वाढली, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा टेकड्या खणून माती पाण्यात टाकली. तीन टेकड्यांपैकी आज बीकन हिल तेवढी उरली आहे, तीही पूर्वीपेक्षा बुटकी. मागची खाडी भरण्याचे काम १८५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि सुमारे २५ वर्षे चालले. नीडहॅमहून वाळू आणि खडी भरलेल्या आगगाड्या रात्रंदिवस येत असत.

इथे मुलांसाठी एक खेळ आहे. बॅक बेमध्ये पब्लिक गार्डनपासून पश्चिमेकडे चालत जा आणि आडव्या रस्त्यांची नावे मोठ्याने वाचा : आर्लिंग्टन, बर्कली, क्लॅरेंडन, डार्टमथ, एक्झिटर, फेअरफील्ड, ग्लॉस्टर, हेरफर्ड. पहिली अक्षरे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने येतात. याचा अर्थ काय? कुणीतरी कोऱ्या जमिनीवर पट्टी घेऊन हे रस्ते आखले. उलट जुन्या बॉस्टनमधले रस्ते वाकडेतिकडे आहेत, कारण ते पाऊलवाटांवरून झाले. रस्ता सरळ की वाकडा, यावरूनही जमिनीचे वय ओळखता येते, बरं का!

पुढे फॅनल हॉलपाशी जा. ही इमारत १७४२ सालची. तिच्या शेजारच्या चौकाचे नाव ‘डॉक स्क्वेअर’, म्हणजे गोदीचा चौक. गोदी कुठे आहे? तीही बुजवली. पण नावाने गोदी सोडली नाही. तसेच १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या जिथे पाण्यात फेकल्या, त्या धक्क्याची जागाही आज कोरड्या जमिनीखाली आहे.

तो चहा कुणाचा होता, आठवते? ईस्ट इंडिया कंपनीचा. आणि याच कंपनीच्या हाती त्याआधी सुमारे १०० वर्षे आणखी एक बंदर आले होते. त्याचे नाव मुंबई.

दुसरा भाग : सात बेटांची मुंबई

मुंबईची सात बेटे पाठ करा : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. तिथे कोळी मासे मारीत, आगरी मीठ पिकवीत, भंडारी माडाची आणि ताडाची झाडे राखीत. १५३४ साली ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले, तेव्हा ती आंदणात देण्याचा करार झाला. १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ज्यांची ही बेटे होती त्या कोळ्यांना मात्र कुणी विचारले नाही.

बेटांच्या मधून भरतीचे पाणी आत येई. महालक्ष्मीजवळ वरळी आणि मुंबई या बेटांमध्ये मोठे भगदाड होते. तिथून समुद्र शिरला की आतली सखल जमीन पाण्याखाली जाई. १७८४ च्या सुमारास तिथे बांध घालून ते भगदाड बंद केले. हाजी अलीजवळून जाणारा आजचा रस्ता त्याच बांधावरून जातो. १८३८ साली कुलाबा जोडला गेला. १८४५ साली माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता झाला, त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी पैसे दिले. म्हणूनच माहीमच्या रस्त्याला लेडी जमशेटजी मार्ग म्हणतात. असे करता करता सात बेटांची एक लांबट जमीन झाली.

आणि मुंबईतही एक ‘बॅक बे’ आहे! मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला अर्धगोल समुद्र तो. मुंबईच्या बॅक बेची कडा भरून आपला मरीन ड्राइव्ह झाला. त्याचे सरकारी नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. रात्री दिवे लागले की तो गळ्यातल्या हारासारखा दिसतो, म्हणून त्याला राणीचा कंठहार म्हणतात. दोन देश, दोन शहरे, दोन्हीकडे मागची खाडी आणि दोन्हीकडे तिच्यावर टाकलेली माती.

तिसरा भाग : नावे वाचू या

आता वर्गात शिकलेले शब्द बाहेर काढा.

खाडी : माझगाव आणि मुंबई या बेटांमध्ये एक खाडी होती. तिच्याजवळच्या वस्तीचे नाव उमरखाडी, म्हणजे उंबराच्या झाडांची खाडी. आज तिथे ना उंबर, ना खाडी.

पाय धुणे : उमरखाडीपासून थोडे पश्चिमेला ‘पायधुणी’ आहे. ओहोटीच्या वेळी चिखल तुडवीत लोक खाडी ओलांडत आणि मुंबई बेटावर पाऊल ठेवण्याआधी तिथे पाय धूत, असे सांगतात. आज तिथे मोटारी, हातगाड्या आणि दुकाने यांची गर्दी आहे. समुद्र बराच दूर गेला आहे. पण नाव नीट वाचणाऱ्याला तिथे अजून पाण्याचा आवाज येतो. जवळच मुंबादेवीचे देऊळ आहे, जिच्यावरून शहराला मुंबई हे नाव मिळाले.

शीव : शीव म्हणजे गावाची सीमा. इथे मुंबईची हद्द संपे आणि पलीकडे साष्टी बेट सुरू होई. इंग्रजांनी या नावाचे ‘सायन’ केले. सायन या शब्दावरून काहीच कळत नाही, शीव म्हटले की सगळे कळते. तसेच परेल नव्हे परळ, बांद्रा नव्हे वांद्रे. दादरचे नाव मात्र दोन्ही भाषांत तसेच राहिले. दादर म्हणजे जिना किंवा छोटा पूल.

झाडे : चिंचपोकळीत चिंच आहे, वडाळ्यात वड, ताडदेवमध्ये ताड आणि फणसवाडीत फणस.

तलाव : मरीन लाइन्सजवळ धोबीतलाव आहे. तलाव बुजवून शंभराहून अधिक वर्षे झाली. बॉस्टनच्या डॉक स्क्वेअरचा हा सख्खा भाऊ!

बंदर आणि धक्का : बोरीबंदर, मशीद बंदर, भाऊचा धक्का. बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा. धक्का म्हणजे होडीतून उतरण्याचा ओटा. दुसरा धक्का तुम्हाला लोकलच्या गर्दीत मिळेल, तो वेगळा!

एक सावधगिरीची सूचना. नावांच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या असतात असे नाही. भायखळा हे नाव कुणी ‘भायाचे खळे’ असे सांगतो, तर कुणी ‘बाहेरचे खळे’ असे. खळे म्हणजे धान्य मळण्याची जागा. दोन्ही वेळा खळे तेच राहते, म्हणजे तिथे शेती असावी असा अंदाज करता येतो. पण भाया कोण होता हे ठामपणे सांगू नये. गोष्ट ऐकावी, लिहून घ्यावी, दुसऱ्यालाही विचारावी.

चौथा भाग : तीन फेरफटके

हे तीन फेरफटके प्रत्येकी अर्ध्या दिवसाचे आहेत. शक्य तर रविवारी सकाळी लवकर निघा. गर्दी कमी असते आणि ऊनही.

पहिला फेरफटका : कोट. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघा. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी आगगाडी इथल्याच बोरीबंदरातून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर. आजची इमारत नंतरची, १८८७-८८ सालची. तिच्या भिंतींवर दगडात कोरलेले मोर, माकडे आणि पाने शोधा. २००४ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

तिथून चालत हुतात्मा चौकात या. जुन्या किल्ल्याचा ‘चर्चगेट’ हा दरवाजा इथे होता. १८६०च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या आणि १८६४ साली इथे फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले. कारंज्याजवळ हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प आहे. तिथे थांबा. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून १९५५ ते १९६० या काळात मोठे आंदोलन झाले. गोळीबारात शंभराहून अधिक माणसे मारली गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो तो यामुळे. गेटवेपाशी सगळेच फोटो काढतात. मराठी मुलांनी इथेही दोन मिनिटे उभे राहावे.

पुढे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसेल. उंची २८० फूट, काम पूर्ण झाले १८७८ साली. याचा आपल्या अमेरिकेशी संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात इथे यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेतल्या कापसाची जहाजे अडवली गेली. मग इंग्लंडच्या गिरण्यांनी कापूस मुंबईतून मागवला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्या काळात मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव त्याला दिले. बॅक बे भरण्यासाठीही तेव्हा एक कंपनी निघाली होती. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, कंपनी बुडाली आणि प्रेमचंदही पार कंगाल झाले. मनोरा तेवढा उभा राहिला.

शेवटी गेटवे ऑफ इंडिया. १९२४ साली तो खुला झाला. इंग्रज राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलेली ही कमान, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण याच कमानीखालून बाहेर गेली! पाऊस नसेल तर इथून होडीने घारापुरीची लेणी पाहता येतात. सोमवारी लेणी बंद असतात.

दुसरा फेरफटका : गिरगाव. चर्नी रोड स्थानकावर उतरा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोचेही गिरगाव स्थानक सुरू झाले आहे. समोर चौपाटी आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. त्यांचा पुतळा तिथे आहे. मग आत गिरगावात शिरा आणि केशवजी नाईकांची चाळ विचारा. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो. मुंबईतल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक गणपतींपैकी तो एक आहे. मोठमोठ्या मूर्ती पाहिलेल्या मुलांना तिथली छोटी मूर्ती पाहून नवल वाटेल.

जवळच खोताची वाडी आहे. लाकडी जिने, कौलारू छपरे आणि रंगीत पडव्या असलेली दुमजली घरे. इथे जुनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे राहतात, त्यांची घरची बोली मराठीच आहे. मराठी म्हणजे एकाच धर्माची किंवा एकाच जातीची भाषा नव्हे, हे इथे न शिकवता कळते. अशी घरे आता थोडीच उरली आहेत. ते कुणाचे तरी राहते घर आहे, म्हणून फोटो काढण्याआधी विचारा. “फोटो काढला तर चालेल का?” हे वाक्य सर्वांना आलेच पाहिजे.

तिसरा फेरफटका : भायखळा ते लालबाग. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात, एक मोठा दगडी हत्ती आहे. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.

तिथून उत्तरेला गिरणगाव सुरू होते. १८५६ साली कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला सुरू झाली. पुढे लालबाग, परळ आणि वरळी इथे गिरण्यांच्या रांगा लागल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. चाळीतल्या एका खोलीत अनेकजण राहत, पाळीप्रमाणे झोपत आणि भोंगा वाजला की कामावर जात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप फार लांबला, बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि हळूहळू गिरण्याच बंद पडल्या. आज त्या जागांवर उंच इमारती आणि मॉल आहेत. लोअर परळचा फिनिक्स मॉल म्हणजे पूर्वीची फिनिक्स मिल. तेव्हा मॉलमध्ये खुशाल जा, पण आत शिरताना तिसरा प्रश्न आठवा : इथे आधी कोण होते?

पाचवा भाग : इथून तिथे गेलेल्या दोन गोष्टी

मुंबई आपल्यापासून फार दूर आहे असे वाटते ना? तर ऐका.

१८३०च्या दशकात बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यापारातून मुंबईला बर्फ जाऊ लागला. हिवाळ्यात बॉस्टनच्या आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुशात बांधायचा आणि शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून न्यायचा. चार-चार महिने लागत, वाटेत बराच वितळे, तरी उरलेला विकून फायदा होई! मुंबईच्या कोटात त्यासाठी खास बर्फघर होते. आपण जानेवारीत फावड्याने ढकलतो तो बर्फ तिथे पैसे मोजून विकत घेत.

दुसरी गोष्ट अक्षरांची. १८१३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका मिशनरी मंडळाची माणसे मुंबईत पोहोचली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण त्यासाठी त्यांना मराठी शिकावे लागले. त्यांनी छापखाना काढला आणि मराठी पुस्तके छापली. त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा काम शिकला. त्याने पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचे सुबक देवनागरी टाइप देशभर नावाजले गेले.

म्हणजे पाहा, दोनशे वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्सची मोठी माणसे मुंबईत बसून ‘अ आ इ ई’ गिरवत होती. आज मुंबई-पुण्याची मुले मॅसॅच्युसेट्समध्ये बसून तेच गिरवतात. ‘ळ’ त्यांनाही जड गेला असेल, तेव्हा तुम्ही धीर सोडू नका!

सहावा भाग : पाणी आपली जागा विसरत नाही

“जुनी नावे कळून फायदा काय?” असे कुणी विचारील. एक फायदा अगदी व्यवहारातला आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस पडला. श्रूजबरीत पाऊस आणि बर्फ मिळून साधारण नऊ महिन्यांत जेवढे पाणी पडते, तेवढे एका दिवसात! शेकडो लोक मृत्युमुखी पडले. तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना तो दिवस आठवत असेल. दर पावसाळ्यात पाणी कुठे साचते ते पाहिले, तर त्यात अनेकदा जुन्या खाड्यांच्या आणि सखल भागांच्या जागा सापडतात. बॉस्टनमध्येही ४ जानेवारी २०१८ रोजी मोठी भरती आणि वादळ एकत्र आले आणि समुद्राचे पाणी अक्वेरियमच्या भुयारी स्थानकात शिरले. ते स्थानकही भराव टाकलेल्या किनाऱ्यावरच आहे.

माणसाने खाडी बुजवली, नकाशावरून पुसली, तरी पाण्याला तिचा पत्ता ठाऊक असतो. आणि भाषेलाही असतो. ‘पायधुणी’ म्हणणारी भाषा गेली, तर तिथे पाणी होते हे सांगणारेही कुणी उरणार नाही. म्हणून आम्हाला वाटते की मराठी केवळ आजीशी फोनवर बोलण्यापुरती नाही, जरी तेवढ्यासाठीही ती शिकण्यासारखी आहे. ती एका शहराची आठवण आहे.

शब्दार्थ

खाडी – जमिनीत आत शिरलेले समुद्राचे पाणी
भरती, ओहोटी – समुद्राचे पाणी चढणे, उतरणे
भराव – पाणी किंवा खड्डा भरण्यासाठी टाकलेली माती
शीव – गावाची सीमा
वाडी – घरांची छोटी वस्ती
चाळ – एका ओळीत खोल्या असलेली इमारत
खोत – कोकणात गावाचा सारा गोळा करणारा
भोंगा – गिरणीची मोठी शिटी
पाळी – कामाची ठरलेली वेळ

स्वाध्याय

१. लहान गट : मुंबईच्या सात बेटांची चित्रे काढा आणि नावे लिहा. मधल्या जागेत मासे काढायला विसरू नका.

२. मधला गट : मुंबईच्या लोकल गाडीची स्थानके पाहा. झाड, पाणी किंवा माणूस यांवरून पडलेली वाटणारी पाच नावे शोधा. प्रत्येक नावाचा तुम्हाला वाटणारा अर्थ एका वाक्यात लिहा.

३. मोठा गट : फोनवर आजी-आजोबांना किंवा काका-मावशीला विचारा, “तुम्ही लहानपणी जिथं राहत होता, त्या जागेचं नाव काय? ते का पडलं? तिथं आता काय आहे?” उत्तर त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहा. मुंबईच हवी असे नाही. रत्नागिरी, मालवण, पणजी, नागपूर, बेळगाव, कोणतेही गाव चालेल.

४. सर्वांसाठी : श्रूजबरीतल्या एका रस्त्याचे नाव निवडा आणि तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. गावाच्या ग्रंथालयात मदत मिळेल.

पालकांसाठी

मुंबईत तीन आठवड्यांत तीन फेरफटके होत नाहीत, हे आम्हालाही माहीत आहे. भेटीगाठी, लग्ने, खरेदी आणि पोटदुखी यांतच सुटी संपते. एकच करा, पण पायी करा. पावसाळ्यात जात असाल तर छत्री, ओले झाले तरी चालतील असे बूट आणि उकळलेले पाणी बरोबर ठेवा. लोकलने जायचे तर सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळा. कोळीवाड्यात गेलात तर जून-जुलैमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील, कारण त्या काळात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग होड्या पुन्हा पाण्यात जातात.

आजी-आजोबांना चालवत असेल तर त्यांना बरोबर घ्या. चालवत नसेल तर टॅक्सीतून त्यांच्या जुन्या घरावरून एक चक्कर मारा आणि मुलांना त्यांच्या शेजारी बसवा. पाटीवर जे लिहिलेले नाही ते तेच सांगू शकतात. आणि ते इकडे आले की त्यांना बॉस्टनला न्या. मुलांनी पुढे व्हावे आणि ‘बॅक बे’ म्हणजे काय, ते आजीला मराठीत समजावून सांगावे. आजीला पायधुणी बहुधा आधीच माहीत असेल.

स्वाध्याय पुढच्या वर्गाच्या वेळी आणावा. मोठ्या गटाच्या दहा ओळी आम्ही पुढील अंकात छापू.